शेवटी वापरलेली विंडो आधी: झेड-ऑर्डर की स्वतःची नोंद?

ऑल्ट-टॅबसारखा स्विचर लिहायला घेतला की पहिल्याच दिवशी हा प्रश्न पडतो. शेवटी वापरलेली विंडो आधी दाखवायची, तर उघड्या विंडोंची यादी सिस्टीमकडून झेड-ऑर्डरने, म्हणजे पडद्यावर वरून खाली अशा क्रमाने, मागवून घ्यायची, की फोकस (आपण टाइप केलेलं ज्या विंडोत जातं ती) कुठे कुठे गेला याची नोंद आपल्याच प्रोग्रॅमने ठेवायची? पहिला मार्ग थोड्या ओळींत होतो. मीही आधी तोच धरला होता.

विंडोजवर एनमविंडोज हे फंक्शन चालवलं की सर्वांत वरच्या विंडोपासून हँडल, म्हणजे प्रत्येक विंडोचे ओळखक्रमांक, येत जातात. गेटविंडो या दुसऱ्या फंक्शनने एकेक पुढची विंडो घेत लूप फिरवू नका. मध्येच एखादी विंडो बंद झाली तर तो लूप मेलेल्या हँडलवर जाऊन आदळतो किंवा संपतच नाही; मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजातही हा इशारा दिलेला आहे. मिळालेल्या यादीतून न दिसणाऱ्या विंडो आणि टूल-विंडो (छोट्या सहायक विंडो) गाळाव्या लागतात. विंडोज ८ पासून 'क्लोक' केलेल्या विंडोंची भर पडली. दिसतेस का विचारलं तर त्या हो म्हणतात, पण पडद्यावर नसतात. त्यासाठी डीडब्ल्यूएमला (विंडोजमधला पडद्यावरचं चित्र जुळवणारा भाग) वेगळं विचारावं लागतं.

एवढं गाळूनही क्रम फसवतो. समजा, कॅल्क्युलेटर 'कायम वर' ठेवलाय आणि सकाळपासून त्याला हात लावलेला नाही. तुम्ही एडिटर आणि ब्राउझरमध्ये ये-जा करताय. यादीत पहिला येतो कॅल्क्युलेटरच. उलट, एडिटर आत्ताच मिनिमाइझ केला तर तो थेट तळाशी जातो, जरी दहा सेकंदांपूर्वी त्यातच टाइप करत होतात. झेड-ऑर्डर सांगते कोण कोणाच्या वर आहे. कोण कधी वापरलं हे तिला ठाऊक नसतं.

नोंद ठेवण्याच्या मार्गात सेटविनइव्हेंटहुक या फंक्शनने हुक लावून फोरग्राउंड (समोरची, वापरात असलेली विंडो) बदलल्याची घटना ऐकायची आणि ते हँडल यादीच्या डोक्यावर आणायचं. हुक लावणाऱ्या थ्रेडमध्ये मेसेज लूप (सिस्टीमचे निरोप सतत उचलणारा लूप) हवाच, नाहीतर एकही घटना पोचत नाही आणि एररही येत नाही. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली. बंद झालेल्या विंडो यादीतून काढायला विसरू नका, कारण तेच हँडल पुढे नव्या विंडोला मिळू शकतं.

एक्स११वर, म्हणजे लिनक्सवरच्या जुन्या विंडो-प्रणालीवर, झेड-ऑर्डर आणखी कमी भरवशाची. फोकस माउसमागे जाणारी सेटिंग असेल तर विंडो वर न येताच वापरली जाते. शिवाय नेट-क्लायंट-लिस्ट-स्टॅकिंग ही तिथली झेड-ऑर्डरची यादी खालून वर येते, उलटी करावी लागते; आणि डब्ल्यूएमसीटीआरएल हे कमांड-लाइन साधन जी यादी वाचतं, ती विंडो उघडल्याच्या क्रमाची असते. तिथे नेट-अ‍ॅक्टिव्ह-विंडोवर (सध्या कोणती विंडो वापरात आहे हे सांगणाऱ्या नोंदीवर) नजर ठेवून नोंद करणंच सोपं. मॅकओएसवर सीजीविंडोलिस्ट ही फंक्शनं पुढून मागे क्रम देतात, पण कॅटलिना या आवृत्तीपासून इतर अ‍ॅपच्या विंडोंची शीर्षकं हवी असतील तर स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी मागावी लागते. वेलँडवर, म्हणजे लिनक्सवरच्या नव्या विंडो-प्रणालीवर, सगळीकडे चालेल असा उपाय नाही. स्वे हा विंडो मॅनेजर वापरत असाल तर गेट-ट्री या कमांडच्या उत्तरात प्रत्येक कंटेनरचा (विंडो ठेवणाऱ्या चौकटीचा) फोकस-क्रम तयारच मिळतो, नोम या डेस्कटॉपसाठी एक्स्टेन्शन लिहा.

मग निवड कशी करायची? एकदाच चालून संपणारी स्क्रिप्ट असेल, उदाहरणार्थ सर्वांत वरच्या दोन विंडो शेजारी-शेजारी लावणारी, तर झेड-ऑर्डर पुरते. पार्श्वभूमीत काही चालू ठेवायची गरज नाही. स्विचर, वेळेची नोंद, मागच्या विंडोवर परत जाणारी शॉर्टकट की, असं काही असेल तर नोंदच ठेवा. तिची एक उणीव उरते: प्रोग्रॅम सुरू होण्याआधीचं तिला काही माहीत नसतं. म्हणून मी सुरुवातीची यादी झेड-ऑर्डरने भरतो, 'कायम वर' असलेल्या विंडो शेवटी ढकलतो आणि तिथून पुढे फक्त घटनांवर चालतो. फोकस अर्धा सेकंद टिकला तरच तो वापर धरतो, म्हणजे ऑल्ट-टॅब दाबताना वाटेत लागलेल्या विंडो वर चढत नाहीत.