‘जाणार आहे’ की ‘जाईन’? फ्रेंचमधल्या दोन भविष्यकाळांतून निवड करताना

फ्रेंच शिकताना पहिल्या पातळीवरच ‘फ्युत्युर प्रॉश’ म्हणजे जवळचा भविष्यकाळ भेटतो आणि वर्गात सगळ्यांना हायसं वाटतं. ‘आले’ म्हणजे जाणे या एका क्रियापदाची वर्तमानकाळातली सहा रूपं आली आणि पुढे मूळ क्रियापद ठेवलं की काम झालं. मग दुसऱ्या पातळीवर ‘फ्युत्युर सँप्ल’ हा साधा भविष्यकाळ येतो, त्याच्याबरोबर अनियमित रूपांची लांब यादी येते आणि हमखास प्रश्न येतो: पहिल्यावरच भागवलं तर चालणार नाही का?

बोलण्यात बरंच भागतं. सगळं भागत नाही. कुठे भागत नाही हे मराठी माणसाला लवकर कळू शकतं, कारण आपल्याकडेही भविष्य सांगायच्या दोन रीती आहेत, ‘जाणार आहे’ आणि ‘जाईन’. नेहमीच्या वर्गात हा धागा फारसा वापरला जात नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी घडण पाहू. फ्रेंच उच्चार मी देवनागरीत जवळपास जातील असे लिहिते आहे. ‘ज व्हे, त्यु व्हा, इल व्हा, नू झालों, व्हू झाले, इल व्हों’, आणि यापुढे मूळ क्रियापद जसंच्या तसं. ‘ज व्हे माँजे’, मी जेवणार आहे. बदल फक्त पहिल्या शब्दात होतो, दुसऱ्याला हात लावायचा नाही. नकार पहिल्याच शब्दाभोवती गुंडाळायचा: ‘ज न व्हे पा माँजे’. सर्वनाम मात्र दुसऱ्या क्रियापदाच्या आधी बसतं: ‘ज व्हे ल फेर’, मी ते करणार आहे. चूक होते ती इथे, कारण ते सर्वनाम ‘व्हे’च्या आधी टाकायचा मोह होतो. ‘उठणे’सारख्या क्रियापदांत तर आतला छोटा शब्दही माणसाप्रमाणे बदलतो: ‘ज व्हे म लव्हे’, पण ‘त्यु व्हा त लव्हे’.

साध्या भविष्यकाळात उलट सगळं एकाच शब्दात असतं. मूळ क्रियापद घ्यायचं आणि शेपटी लावायची: ‘ज माँजरे, त्यु माँजरा, इल माँजरा, नू माँजरों, व्हू माँजरे, इल माँजरों’. या शेपट्या नीट पाहा, त्या ‘आव्हुआर’ म्हणजे ‘जवळ असणे’ या क्रियापदाच्याच रूपांतून आल्या आहेत. लॅटिनमधून फ्रेंच घडताना ‘मला गायचं आहे’ अशा धर्तीची दोन शब्दांची रचना घासत घासत एक शब्द झाली. म्हणजे आज जो काळ साधा म्हणवतो, तोही एके काळी जोडकामच होता. कानाने ओळखायचा तर शेपटीच्या आधीचा ‘र’ पकडा, तो कधीही चुकत नाही. अनियमित क्रियापदांतही तो असतोच, फक्त मूळ धातू बदलतो: असणे ‘सर’, जवळ असणे ‘ओर’, जाणे ‘इर’, करणे ‘फर’, पाहणे ‘व्हेर’, शकणे ‘पुर’, येणे ‘व्ह्यँद्र’. एवढे सात आधी पाठ करा, रोजच्या बोलण्यातला मोठा भाग त्यांनी उरकतो.

घडणीच्या सोपेपणात पहिला काळ सरळ जिंकतो. पण अर्थाकडे वळलं की त्याचं नावच दिशाभूल करतं. ‘जवळचा’ म्हणजे पाच मिनिटांनी घडणारा, असं विद्यार्थी धरून चालतात. फ्रेंच माणूस दहा वर्षांनी निवृत्त होणार असला तरी ‘ज व्हे’ने सुरुवात करू शकतो. अंतर घड्याळाचं नसून आत्ताच्या क्षणाशी असलेल्या धाग्याचं आहे. ज्याची खूण आज दिसते, ज्याचं ठरलेलं आहे, ते ‘आले’ने सांगतात. जे मनात आहे, वचनात आहे, अंदाजात आहे, ते साध्या काळात जातं.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण बाळाचं आहे. ‘एल व्हा आव्हुआर अँ बेबे’ म्हटलं तर ती गरोदर आहे. ‘एल ओरा दे झाँफाँ’ म्हटलं तर तिला पुढे कधीतरी मुलं होतील, आज त्याची काही खूण नाही. आता मराठीत म्हणून पाहा: ‘तिला बाळ होणार आहे’ आणि ‘तिला मुलं होतील’. फरक तोच! आभाळ भरून आलं की ‘पाऊस पडणार आहे’, फ्रेंचमध्ये ‘इल व्हा प्लव्हुआर’. हवामानाच्या बातम्यांत ‘उत्तरेकडे पाऊस पडेल’, फ्रेंचमध्ये ‘इल प्लव्रा’. पत्र लिहीन असं वचन दिलं तर ‘ज तेक्रिरे’. आज संध्याकाळी लिहायचं ठरलंच असेल तर ‘ज व्हे तेक्रिर’. निवड अडली की वाक्य आधी मराठीत मोठ्याने म्हणा, कान बहुतेक वेळा बरोबर सांगेल.

बहुतेक वेळा म्हणते आहे, कारण तीन ठिकाणी हा कान फसतो.

पहिलं ठिकाण इशाऱ्याचं. मूल कठड्यावर चढलं की आपली आई ओरडते, ‘अरे, पडशील!’ फ्रेंच आई ओरडते, ‘त्यु व्हा तोंबे!’ आपण साधा काळ वापरतो, ते ‘आले’चा. आपला ‘पडशील’ सरळ उचलून ‘त्यु तोंबरा’ म्हटलं तर ते इशाऱ्यासारखं न वाटता भाकितासारखं वाटतं, पुढे कधीतरी तू पडशील असं. धोका डोळ्यांसमोर आहे, म्हणजे धागा आत्ताशी जोडलेला आहे, म्हणून तिथे ‘व्हा’च हवा. ‘उशीर होईल तुला’, ‘सांडेल ते’, ‘भाजेल हात’ ही आपली सगळी रोजची वाक्यं फ्रेंचमध्ये ‘आले’ने जातात.

दुसरं ठिकाण नकाराचं, आणि मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मराठीत ‘येईन’ला स्वतःचा नकार नाही. ‘येईन नाही’ असं कुणी म्हणत नाही. ‘येणार आहे’ आणि ‘येईन’ दोन्हींचा नकार एकच, ‘येणार नाही’. आपल्या कानाला दोन्ही वाटा एकाच दारात आणून सोडतात. म्हणून मराठी विद्यार्थी प्रत्येक नकार ‘ज न व्हे पा’ने सुरू करतात आणि चुकलं कुठे ते त्यांना कळतही नाही. फ्रेंचमध्ये ‘ज न व्हे पा व्हनीर’ म्हणजे या खेपेला येत नाही, तसं ठरलं आहे. ‘ज न व्ह्यँद्रे पा’ जास्त ठाम आहे, पुढच्या काळासाठी दार लावून घेतल्यासारखं. ‘कधीच नाही’, ‘पुन्हा नाही’ असे शब्द आले की साधा काळ जास्त शोभतो. मार खाल्लेलं पोर डोळे पुसत ‘पुन्हा नाही करणार’ म्हणतं, ते फ्रेंचमध्ये ‘ज न ल फरे प्ल्यु’. इथे मराठीतला ‘णार’ ऐकून ‘आले’ घ्यायचा नाही. आधी वाक्य होकारार्थी करून पाहायचं: तिथे मी ‘येणार आहे’ म्हणाले असते की ‘येईन’?

कॅनडाला जायचं म्हणून फ्रेंच शिकणारे हल्ली बरेच भेटतात, त्यांना तर हे फारच उपयोगी आहे. क्वेबेकच्या रोजच्या बोलण्यात होकारार्थी वाक्यांत ‘आले’चा काळ भरून राहिलेला असतो, पण नकार आला की लोक साध्या काळाकडे वळतात. माँट्रियलमध्ये ‘जिरे पा’, मी जाणार नाही, हे अगदी घरगुती बोलणं आहे.

तिसरं ठिकाण ‘जेव्हा’ आणि ‘जर’चं. ‘तू पॅरिसला असशील तेव्हा आयफेल टॉवर बघशील’, फ्रेंचमध्ये ‘काँ त्यु सरा आ पारी, त्यु व्हेरा ला तूर एफेल’. दोन्हीकडे साधा भविष्यकाळ, मराठीसारखाच. इथे चुकतात ते मनात इंग्रजीतून भाषांतर करणारे, ते पहिल्या भागात वर्तमानकाळ ठेवतात. ‘जर’ मात्र वेगळा वागतो: ‘पाऊस पडला तर मी घरी राहीन’ यात आपण भूतकाळाचं रूप वापरतो, फ्रेंच वर्तमानकाळाचं: ‘सिल प्ल, ज रेस्तरे आ ला मेझों’. अटीच्या ‘सि’नंतर, म्हणजे ‘जर’नंतर, दोन्हींपैकी कुठलाही भविष्यकाळ ठेवायचा नाही. ‘येईल की नाही’ अशी शंका असेल तरच तिथे भविष्यकाळ चालतो.

या दोघांच्या शेजारी तिसराही उमेदवार आहे, साधा वर्तमानकाळ. ‘उद्या निघतोय’ला ‘ज पार दमँ’ पुरतं, ‘उद्या’ शब्दच भविष्याचं काम करतो. आणि कुणी हाक मारल्यावर आपण ‘आलोच!’ म्हणतो, पाऊल उचलायच्या आधी भूतकाळात. फ्रेंच माणूस ‘जारीव्ह!’ म्हणतो, वर्तमानकाळात. इथे ‘ज व्हे आरीव्हे’ म्हणू नका, समोरचा वाट बघत बसेल.

मग कुठला आधी पक्का करायचा? महिन्या-दोन महिन्यांत कुणाला फ्रेंच बोलायला लागायचं असेल, किंवा डेल्फ या फ्रेंचच्या प्रमाणपत्र परीक्षेची पहिली पातळी द्यायची असेल, तर ‘आले’चा काळ घट्ट करावा, सर्वनामाची जागा आणि नकार यांसकट. साध्या काळातली ‘ओं व्हेरा’ म्हणजे ‘बघू’ आणि दुकानदाराचं ‘स सरा तू?’ म्हणजे ‘एवढंच ना?’ अशी चार-पाच वाक्यं अख्खीच पाठ करून ठेवावीत. पण वाचायचं असेल, बातम्या ऐकायच्या असतील, अर्ज-पत्रं लिहायची असतील, तर साध्या काळाला टाळून चालणार नाही. लिखाणात तो सर्रास येतो, आणि इतिहासाच्या पुस्तकात 1815च्या वॉटर्लूबद्दल वाचताना ‘नेपोलियन 1821मध्ये सेंट हेलेनावर मरेल’ अशा रूपात घडून गेलेली गोष्टही त्याच काळात भेटू शकते. मराठी वाचक तिथे क्षणभर थबकतोच.

‘आले’च्या काळाची एक जागा मला फार आवडते. ‘आले’ अपूर्ण भूतकाळात नेला की ‘जाले ताप्ले’ होतं, ‘तुला फोन करणारच होते’. मराठीतही ‘आहे’चं फक्त ‘होते’ झालं, बाकी सगळं जागच्या जागी. वर्गात हे वाक्य फळ्यावर लिहिलं की शेवटच्या बाकावरून कुणीतरी अर्थ सांगण्याआधीच हसतं, कारण ही सबब त्याने त्याच सकाळी घरी दिलेली असते.