पीएलए की खुली निविदा? शाळेच्या बांधकामावर मत देण्याआधी

कॅलिफोर्नियात किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे हा प्रश्न बहुतेकदा शाळेच्या बाँडच्या, म्हणजे बांधकामासाठी मतदारांनी मंजूर करायच्या कर्जाच्या, निमित्ताने येतो. पैसे मंजूर झाले की शाळा मंडळासमोर प्रस्ताव ठेवला जातो: काम पीएलएखाली करायचे की नाही. पीएलए म्हणजे प्रोजेक्ट लेबर अ‍ॅग्रीमेंट. मालक संस्था आणि बांधकाम युनियन यांच्यात निविदा निघण्याआधीच झालेला हा करार त्या प्रकल्पापुरता असतो. कंत्राट कोणालाही मिळो, मुख्य कंत्राटदारापासून शेवटच्या सब-कॉन्ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांना त्यावर सही करावी लागते. सार्वजनिक संस्थेला असा करार करता येतो, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये बॉस्टन हार्बर खटल्यात मान्य केले. त्यामुळे वाद आहे तो फायद्या-तोट्याचा.

मजुरीचा मुद्दा आधी बाजूला काढू, कारण सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो. कॅलिफोर्नियात 1,000 डॉलरवरील सार्वजनिक कामावर प्रचलित वेतन (त्या भागात त्या कामासाठी सरकारने ठरवलेला किमान दर) द्यावेच लागते, मग पीएलए असो वा नसो. अप्रेंटिसचे प्रमाणही कायद्यानेच ठरलेले आहे: कारागिराच्या दर 5 तासांमागे अप्रेंटिसचा 1 तास. त्यामुळे ‘पीएलए नसेल तर मजूर स्वस्तात राबवतील’ हा समर्थकांचा युक्तिवाद तिथे टिकत नाही. ‘युनियनचा पगार द्यावा लागतो म्हणून काम महागते’ हा विरोधकांचा युक्तिवादही तेवढाच लंगडा आहे.

खरा फरक माणसे कुठून आणायची यात आहे. खुल्या निविदेत कंत्राटदार आपली नेहमीची टोळी घेऊन येतो. पीएलएमध्ये कामगार युनियनच्या हायरिंग हॉलमधून, म्हणजे कामगार पाठवणाऱ्या तिच्या नोंदणी केंद्रातून, घ्यावे लागतात आणि स्वतःचे ‘कोअर वर्कर’ ठराविक संख्येपर्यंतच आणता येतात. नेहमीची पद्धत अशी: एक माणूस हॉलचा, एक आपला, असे आलटून पालटून पाचेक जणांपर्यंत; पुढचे सगळे हॉलचे. चार-सहा जणांच्या इलेक्ट्रिकल कंपनीला यात अनोळखी माणसांच्या भरवशावर दर भरावा लागतो. शिवाय एकच माणूस पाइपही बसवतो आणि भिंतही पाडतो, अशी छोट्या कंपनीची रीत असेल, तर युनियनच्या कामविभागणीत ती बसत नाही. देशभरात बांधकाम कामगारांपैकी युनियन सदस्य साधारण दहात एक आहेत. त्यामुळे बाहेर राहणाऱ्या कंपन्या थोड्या नसतात.

दुसरी अडचण लाभांच्या रकमेची आहे आणि विरोधाचा सर्वांत भक्कम आधार मला तीच वाटते. प्रचलित वेतनातला आरोग्य विमा-निवृत्तीचा भाग खुल्या पद्धतीत कंपनी स्वतःच्या योजनेत भरू शकते किंवा कामगाराला रोख देऊ शकते. पीएलएमध्ये तो सहसा युनियनच्या ट्रस्ट फंडात जातो. उदाहरणापुरते धरू: 10 कामगार, प्रत्येकी 800 तास, तासाला 25 डॉलर लाभ. हे झाले 2 लाख डॉलर. अशा पेन्शनवर हक्क मिळायला साधारण 5 वर्षांची सेवा लागते. युनियनबाहेरचा कामगार वर्षभरात काम संपवून परत गेला, तर पेन्शनचा वाटा त्याच्या हाती लागत नाही. स्वतःची योजना चालू ठेवणारी कंपनी दुहेरी भरते आणि ती रक्कम निविदेत चढते.

आता दुसरे पारडे. पीएलएमध्ये संप आणि टाळेबंदी होणार नाही अशी हमी असते आणि तंटे तटस्थ लवादाकडे जातात. कामाच्या वेळा व सुट्ट्या सगळ्या युनियनसाठी एकच ठरवता येतात. रुग्णालय, विमानतळ किंवा मलजल प्रकल्पावर वीस प्रकारचे कारागीर दोन-तीन वर्षे एकमेकांच्या कामावर अवलंबून असतात. तिथे ही हमी पैसे मोजण्याजोगी आहे. आठ खोल्यांचे छप्पर बदलायला तिचा उपयोग नाही.

खर्चाचे पुरावे एकमुखी नाहीत. बीकन हिल इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेच्या 2003 च्या अभ्यासात मॅसॅच्युसेट्समधील पीएलए-शाळा 12 ते 14 टक्के महाग ठरल्या. अर्थतज्ज्ञ डेल बेलमन आणि सहकाऱ्यांनी त्याच राज्यातील शाळांची वैशिष्ट्ये हिशेबात धरली, तेव्हा तो फरक उरला नाही. शाळांचा नसला तरी मला अधिक बोलका वाटतो तो लॉस एंजेलिसच्या प्रपोझिशन एचएचएच (बेघरांच्या घरांसाठी मतदारांनी मंजूर केलेला निधी) गृहबांधणीवरचा रँड या संशोधन संस्थेचा 2021 चा अभ्यास. तिथे 65 किंवा अधिक घरांच्या प्रकल्पाला पीएलए लागू होता. खर्च सुमारे 14.5 टक्के वाढल्याचे दिसले, आणि विकासकांनी प्रकल्प 65 च्या जरा खालीच आखले. मर्यादेची रेघ कुठे ओढली, यावरून बांधकामाचा आकारच बदलला.

म्हणून विरोध करायचा असला तरी सरसकट बंदी मागू नका. सॅन डिएगोने 2012 मध्ये मेझर ए या मतदानाला टाकलेल्या प्रस्तावाने ती घातली. पण त्याच वर्षी राज्याने कायदा केला: स्वतःची सनद असलेल्या शहराने पीएलएवर अशी बंदी घातली, तर त्याच्या बांधकामांना राज्याचा निधी नाही. 2022 मध्ये मतदारांनीच ती बंदी उठवली. प्रकल्पागणिक निर्णय हाच रस्ता धरावा. अमेरिकेच्या केंद्र सरकारने 2022 च्या आदेशात स्वतःच्या कामांना पीएलए लावण्यासाठी खर्चाची किमान मर्यादा 3.5 कोटी डॉलर ठेवली, न्यू जर्सीच्या 2002 च्या कायद्यात ती 50 लाख डॉलर होती. शाळा मंडळाचा प्रस्ताव या दोन्ही मर्यादांहून बराच खाली असेल, तर मी विरोधात मत देईन.

मसुदा हाती आला की सारांशावर थांबू नका. कोअर वर्करची संख्या आणि त्यांना पात्र ठरवणारी अट पाहा. ‘गेल्या 100 दिवसांत कंपनीच्या पगारपत्रकावर इतके दिवस’ अशी अट हंगामी टोळीला बाहेर ठेवते. आपली योजना असलेल्या कंपनीला ट्रस्ट फंडातून सूट आहे का, ते विचारा. हॉलने 48 तासांत माणूस दिला नाही तर बाहेरून घेता येतो का, हेही लेखी असू द्या. आणि पहिल्या दोन-तीन कामांत प्रत्येकी किती निविदा आल्या, ते बाँडच्या खर्चावरील देखरेख समितीने नोंदवावे. पूर्वी सहा येत होत्या आणि आता दोनच येत असतील, तर करार नूतनीकरणाला येईल तेव्हा हाच कागद मंडळापुढे ठेवा.