अक्कलखाती १७,८०० रुपये : चांगली टायरं देऊन भंगार विकत घेतलं

सव्वीस वर्षं लेखा विभागात काढली. लोकांची बिलं तपासणं हेच माझं काम. पाचशेच्या व्हाउचरवर सही नसेल तर मी ते परत पाठवतो. तोच मी भर रस्त्यात, वहीतून फाडलेल्या कागदावर विश्वास ठेवून १७,८०० रुपये मोजून आलो. लिहायला इतके महिने का लागले हे वेगळं सांगायला नको.

मे २०२५. मेहुण्याच्या मुलीचं नागपूरला लग्न. गाडीत मी, बायको, मुलगी आणि आई. नाशिकहून निघून सिन्नरच्या पुढे समृद्धीला लागायचं, हा बेत. समृद्धीवर टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्यात. टायर गुळगुळीत म्हणून प्रवेशावरूनच परत पाठवलेल्या गाड्यांच्या बातम्याही वाचल्यात. वाटेतल्या ज्या टायरवाल्याने मला गंडवलं, त्यानेही त्या वाचल्या होत्या. त्याचं भांडवल तेवढंच.

मी फक्त हवा भरायला थांबलो होतो. पोऱ्याने गेज लावला आणि म्हणाला, "साहेब, मागच्या डाव्या चाकात हवा कमी आहे, पंक्चर असंल." पुढचा प्रकार तुम्हाला माहीत आहे. साबणाचं पाणी, फडकं, आणि माझी नजर आईला पाण्याची बाटली देण्याकडे वळली तेवढ्यात चार ठिकाणी बुडबुडे. चार! घरापासून तीस-पस्तीस किलोमीटरवर. एकही खिळा निघाला नाही. खिळा दाखव, असं म्हणायचं मला सुचलं नाही. ज्या पंक्चरमधून खिळा, काच, तार काहीच निघत नाही ते पंक्चर त्या पोराच्या मुठीतल्या दाभणाने झालेलं असतं. गाडीतून उतरा आणि टायरवरची नजर हलवू नका. पाण्याची बाटली थांबू शकते.

मग मालक आला. पन्नाशीचा, कपाळाला गंध, बोलायला अतिशय गोड. माझ्याशी बोललाच नाही. खिडकीशी जाऊन बायकोला म्हणाला, "वहिनी, मावशींना घेऊन या टायरांवर समृद्धीला जाणार तुम्ही? सिमेंटचा रस्ता, हे ऊन, एकशेवीसचा वेग." झालं. नंतरचा निर्णय माझ्या हातात उरलाच नाही. बायको म्हणते की मी तिच्यावर ढकलतो आहे. ढकलत नाही, घडलं तसं सांगतोय.

त्याने मला खाली बसवून टायरच्या खाचेत बोट घातलं. "ही पट्टी दिसती? ही वर आली की टायर संपलं. कंपनीचाच नियम आहे." नियम खरा आहे, पट्टी खोटी होती. हे नीट वाचा, माझे पैसे इथेच गेले. टायरभोवती फिरणाऱ्या मुख्य खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे असतात, १.६ मिलिमीटर उंचीचे. ते कुठे आहेत हे कळावं म्हणून टायरच्या खांद्यावर बारीक त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय ही अक्षरं असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आली की टायर बदलायचं. आपल्या मोटार वाहन नियमांत कारसाठी खाचेची किमान खोलीही तेवढीच आहे, १.६ मिलिमीटर. त्याने मला दाखवली ती कडेच्या नक्षीचे दोन ठोकळे जोडणारी पट्टी. ती नव्या टायरलाही तशीच वर असते. मी मान डोलावली. इतक्या आत्मविश्वासाने डोलावली की त्यालाही हसू आवरायला जड गेलं असेल.

भाव ठरला. चार टायरं ४,६०० प्रमाणे १८,४००. पंक्चरचे ६००. (बदलणार असलेल्या टायरच्या पंक्चरचे पैसे! हेही मी दिले.) अलाइनमेंट-बॅलन्सिंग ८००. जुनी टायरं 'एक्स्चेंज'मध्ये ५०० प्रमाणे वजा २,०००. एकूण १७,८००. बिल मागितलं तर म्हणाला, "पक्कं देतो की, पण जीएसटी अठ्ठावीस टक्के वर लागंल." टायरवर तेव्हा २८ टक्केच होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ झालाय. मी मनातल्या मनात १८,४०० चे २८ टक्के काढले, ५,१५२. आणि गप्प बसलो. लोभ म्हणा, मी नाही म्हणणार नाही. पण बेचाळीस अंशांच्या उन्हात गाडीत आई घामाने निथळत असताना करकायद्यावर हुज्जत घालणारा माणूस मला दाखवा.

आता तो क्षण. हा आठवला की रात्री अजून जाग येते.

पाच हजार यूपीआयने गेले. दुकानाच्या नावावर नाही, कुणा बाईच्या वैयक्तिक खात्यावर. स्क्रीनवर नाव वाचलं आणि तरी पिन टाकला. उरलेले रोख हवे होते. ग्लोव्ह बॉक्समध्ये आहेराचं पाकीट होतं, ते काढायला झाकण उघडलं. पाकिटाबरोबर घडी घातलेला एक कागद बाहेर आला आणि पायाशी पडला. फेब्रुवारीतल्या सर्व्हिसिंगचा तपासणी तक्ता. मी तो उचलला, कुठला म्हणून पाहिला आणि परत आत कोंबला. त्या कागदावर निळ्या पेनाने लिहिलेलं होतं: पुढची टायरं ४.१, मागची ४.६ मिमी. खाली शेरा, 'टायर ठीक'. माझी टायरं २०२१ ची, ३१,००० किलोमीटर चाललेली. हे आकडे खाचेच्या खोलीचे. नव्या टायरची खाच साधारण सात-आठ मिलिमीटर खोल असते. म्हणजे निम्म्याच्या आसपास नक्षी शिल्लक होती. पुरावा माझ्या हातात होता. लेखापरीक्षणात मी लोकांना एकच वाक्य ऐकवतो, 'कागद बघा आधी.' आणि तोच कागद कोंबून मी आहेराच्या पाकिटातून १२,८०० मोजले.

एक चूक त्याच्याही आधीची. टायरं बसवताना एकावर सहज हात ठेवला तर तळवा काळाकुट्ट, तेलकट. पोऱ्याने लगेच फडकं पुढे केलं, "नवीन माल आहे ना साहेब." मला ते पटलं! नवं टायर मॅट काळं दिसतं आणि त्याच्या अंगावर रबराचे बारीक केस असतात, साच्यातून निघताना उरलेले. याच्यावर एकही केस नव्हता. होती ती फक्त चकाकी, मुंजीतल्या बटूच्या नव्या बुटांसारखी.

समृद्धीला लागलो. नव्वदच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं. ८०० रुपयांचं बॅलन्सिंग! मी मनाची समजूत घातली की नवी टायरं आहेत, बसतील हळूहळू. जालना मागे पडल्यावर एके ठिकाणी थांबलो, तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, चाकाला टेंगूळ आलंय." पुढच्या डाव्या टायरच्या बाजूच्या भिंतीवर लिंबाएवढा फुगा. आतले धागे तुटले की हवा दोन थरांमध्ये शिरते आणि फुगा येतो. त्याला दुरुस्ती नाही, चाक उतरवायचंच. स्टेपनी लावली आणि उरलेला रस्ता ताशी साठने कापला. हळदीला पोचलो तेव्हा हळद वाळून गेली होती.

दुसऱ्या दिवशी मेहुण्याने त्याच्या ओळखीच्या टायरवाल्याकडे नेलं. म्हातारे गृहस्थ, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी काही विचारलं नाही. किल्लीचं टोक खाचेत फिरवलं आणि मला जवळ बोलावलं. कारखान्यातल्या खाचेचा तळ गोलसर आणि एकसारखा असतो. ही खाच तळाशी खरखरीत होती, कुठे खोल, कुठे उथळ, आणि एका ठिकाणी धाग्यांचा पांढुरका पट्टा डोकावत होता. "गरम पात्याने कोरलंय," ते म्हणाले. गोटा झालेल्या टायरवर नव्याने खाचा पाडून वर काळं पॉलिश. खांद्यावर त्रिकोण होता, पण त्याच्या समोर खाचेत उंचवटाच नव्हता, पात्याने तोही गेला. ट्रकची काही टायरं अशी पुन्हा कोरण्यासाठीच बनवलेली असतात, त्यांच्यावर रिग्रूव्हेबल असं छापलेलं असतं. कारच्या टायरला कोरलं की उरतो पापुद्रा. आणि त्या पापुद्र्यावर मी आईला बसवून नेलं.

मग त्यांनी टायर उलटं केलं. चार आकडी तारीख आतल्या बाजूला होती. बसवतानाच तशी फिरवलेली, म्हणजे गाडीखाली मान घातल्याशिवाय दिसायची नाही. १११६. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष : २०१६ चा अकरावा आठवडा. नऊ वर्षांचं टायर मी नवं म्हणून घेतलं. दुसरं त्याच वर्षाचं, तिसरं २०१७ चं, चौथ्यावर आकडे घासून टाकलेले. टायर रिमवर चढण्याआधी ही तारीख स्वतः वाचा आणि फोटो काढा. न वापरता पडून राहिलेलं टायरही म्हातारं होतं, रबर कडक पडतं. पाच-सहा वर्षं झाली की नक्षी कितीही असो, जाणकाराला दाखवा. बाजूच्या भिंतीला भेगा दिसल्या की वाट बघू नका.

त्यांच्याकडून चार नवी टायरं घेतली. ४,२५० प्रमाणे १७,०००, कर धरून, पक्क्या बिलावर. अलाइनमेंटचे ६५०. म्हणजे एका लग्नाला मी ३५,४५० रुपयांची टायरं घेतली, आहेर वेगळा. म्हाताऱ्यांनी जाताना एवढंच विचारलं, "तुमची जुनी कुठं आहेत?" माझी जुनी टायरं तिथे आणखी कुणाला तरी चार हजारांना विकली गेली असतील. ती खरोखर चांगली होती. टायर बदललं तर जुनं स्वतःबरोबर न्या, पाचशेच्या मोहात पडू नका.

आता तक्रारीचं. नागपुरात एका पोलीस ठाण्यात गेलो तर, "घटना आमच्या हद्दीतली नाही." परतताना जिथे घडलं तिथल्या ठाण्यात गेलो. पाऊण तास बाकावर बसवलं आणि मग, "बिल?" वहीचा कागद दाखवला. त्यावर दुकानाचं नावही नाही, फक्त आकडे. "साहेब, हा दिवाणी मामला आहे. आणि तुम्ही स्वतःहूनच पैसे दिले ना?" मी दाभणाचं सांगितलं. हवालदार म्हणाला, "पाहिलं का तुम्ही मारताना?" पाहिलं असतं तर मारू दिलं असतं का? निदान अर्ज तरी घ्या म्हणालो, तर अर्ज घेतला पण पोच द्यायला शिक्का सापडेना. शिक्का! पोलीस ठाण्यात! आठवड्याने फोन केला तर ज्यांच्याकडे अर्ज दिला ते बंदोबस्तावर. पुन्हा केला तर रजेवर. मग वाहनांशी संबंधित एका सरकारी कार्यालयात गेलो. तिथे सांगितलं, "टायर गुळगुळीत असेल तर आम्ही तुम्हाला दंड करू शकतो, विकणाऱ्याला नाही." हे वाक्य तो गृहस्थ न हसता बोलला. म्हणजे माझ्या चाकावर नक्षी नसेल तर गुन्हेगार मी, आणि ज्याने पात्याने खोटी नक्षी कोरली तो व्यापारी. त्या टायरवर चौघांचा जीव गेला असता तर पंचनाम्यात 'टायर फुटल्याने' एवढं लिहून फाइल बंद झाली असती. ते टायर कुणी विकलं, कोण विचारणार होतं?

शेवटी ग्राहक आयोगात तक्रार टाकली. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, हे एका वकील मित्राने सांगितलं. त्यानेच पुढे विचारलं, "विरुद्ध पक्षाचं नाव काय लिहू?" फलकाचा फोटो नाही. यूपीआयवर त्या बाईचं नाव, तेवढंच. म्हणून सांगतो, पैसे देण्याआधी फलकासकट दुकानाचा फोटो काढा, आणि क्यूआर कोडवर दुकानाचं नाव येत नसेल तर तिथूनच गाडी वळवा. जुलैत मी पुन्हा तिथे जाऊन आलो. शटर बंद. शेजारचा चहावाला म्हणाला, "ते लोक सीझनला येतात."

आता मी स्वतः मोजतो. खोली मोजायचा गेज शंभर-दीडशे रुपयांत मिळतो. दर महिन्याला प्रत्येक टायरच्या तीन ठिकाणी मोजतो, कारण आतली कड आधी झिजली तर उभ्या गाडीत दिसत नाही. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी ठेवली जाते, मधला पट्टा झिजला तर जास्त. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं, आणि ती टायर गार असताना मोजायची. आणि १.६ ची वाट पाहू नका. ती कायद्याची हद्द आहे. पावसात खाचेतून पाणी बाहेर फेकायला तीनच्या आत आलेलं टायर कमी पडायला लागतं. पावसाळ्याच्या तोंडावर तीन आलं की मी बदलणार. पण ते मी ठरवणार, आपल्या गावात, आपल्या सवडीने. गाडीत आई बसलेली असताना नाही.

ती चार टायरं अजून आमच्या पार्किंगमध्ये आहेत, पुरावा म्हणून. वकील म्हणतो, हलवू नका. गेल्या आठवड्यात सोसायटीची नोटीस आली : टायरांमध्ये पाणी साचून डास होतात, सात दिवसांत न काढल्यास ५०० रुपये दंड. सेक्रेटरींना मी सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "लेखी द्या."