मुद्रेची अंगठी : हिवाळा ते उन्हाळा वापरून

लाखेवर ठसा उठवायची ही अंगठी बर्मिंगहॅमच्या ज्वेलरी क्वार्टरमधल्या एका कारागिराकडून गेल्या हिवाळ्यात करून घेतली. नऊ कॅरेट, भरीव, लंबगोल तोंडाची, वर आडनावाचं आद्याक्षर. आता उन्हाळा सरत आलाय, तेव्हा लिहायला हरकत नाही.

आतल्या बाजूला ३७५ चा शिक्का आणि जहाजाचा नांगर आहे; नांगर ही बर्मिंगहॅमच्या सोनं तपासणाऱ्या कार्यालयाची खूण. म्हणजे हजारात ३७५ भाग सोनं. पुण्याच्या आत्याने व्हिडिओ कॉलवर नाक मुरडलं, "याला काय सोनं म्हणायचं?" तिचं बावीस कॅरेट पिवळंधमक खरं, पण रोज वापरायच्या कोरीव अंगठीला तेवढं मऊ सोनं सोसत नाही. माझ्या अंगठीवर बारीक ओरखडे भरपूर आलेत, अक्षराच्या कडा मात्र शाबूत आहेत. कोरीवकाम खोल आणि उलटं करून घेतलंय, लाखेवर सुलटं उमटावं म्हणून. वरवर, सुलटं कोरलेलं स्वस्त पडतं. मग तिला मुद्रा कशाला म्हणायचं? खोल खाचेत साबण साठतो, तो मऊ ब्रशने निघतो.

लाखेवर उठवूनही पाहिलं. कोरडी अंगठी दाबली तर चिकटून बसते. आधी बर्फावर टेकवून गार, किंचित ओली करून दाबली की अलगद सुटते आणि अक्षराचा बारीकसा शेपटासुद्धा स्वच्छ उठतो.

इंग्लंडचा रिवाज डाव्या करंगळीचा. राजे चार्ल्सही तिथेच घालतात, खाली लग्नाची अंगठी. बायकाही करंगळीतच घालतात. खरी गोम अंगठीवर कोरायच्या घराण्याच्या चिन्हात आहे. "आडनाव सांगा, घराण्याचं चिन्ह देतो" म्हणणारी दुकानं ढिगाने आहेत. पण १४८४ पासून इंग्लंडमध्ये अशी चिन्हं देण्याचं काम पाहणारं कॉलेज ऑफ आर्म्स स्पष्ट सांगतं, की चिन्ह आडनावाला नसतं. ते एका माणसाला मिळतं आणि त्याच्या वंशात चालतं. आद्याक्षरं कुणीही कोरावीत.

याच न्यायाने आपल्याकडच्या राजमुद्रेच्या अंगठ्या मला खटकतात. अभिमान समजतो, पण 'शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा' असं त्या मुद्रेवरच लिहिलंय. ती ज्याची आहे त्याचीच राहू द्यावी.

तक्रार एकच, मापाची. थंडीत करंगळी आक्रसते आणि भरीव अंगठी वजनाने फिरते, हातमोजा काढताना तर सोबत निघून येते. माप गार हातावर आणि कोमट हातावर, दोन्ही वेळा घ्यायला सांगा. पेरावरून जरा अडखळत गेली पाहिजे.