आखूड नळीसाठी काडतूस: ५.५६ की .३०० ब्लॅकआउट?

५.५६×४५ मिमी हे नाटोचं काडतूस. त्याची ताकद वेगात आहे. अमेरिकी एम-१६ रायफलच्या २० इंची नळीतून सुमारे ४ ग्रॅमची हलकी गोळी सेकंदाला ९०० मीटरहून जास्त वेगानं सुटते. नळी १० इंचांवर आणली की बरीच दारू नळीबाहेर जळते. वेग घटतो, नळीच्या तोंडाशी मोठा भडका उडतो आणि आवाज कान बधिर करतो.

.३०० ब्लॅकआउटला अमेरिकेत २०११ मध्ये प्रमाणित काडतूस म्हणून मान्यता मिळाली. त्याची दारू साधारण ९ इंचांतच जळून जाते. सुमारे १४ ग्रॅमची जड, ध्वनीपेक्षा मंद गोळी सायलेन्सरसोबत फारच शांत चालते. मात्र लांबवर ती झपाट्यानं खाली येते, शिवाय काडतूस महाग.

मॅगझिन (काडतुसं भरायचा डबा) आणि बोल्ट (काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा भाग) दोन्ही काडतुसांना तेच, बदलते फक्त नळी. खरा धोका इथेच आहे: ब्लॅकआउटचं काडतूस चुकून ५.५६ च्या नळीत गेलं, तर रायफल फुटू शकते. दोन्ही बाळगणाऱ्यांनी मॅगझिनवर ठळक खूण करावीच.

माझ्या मते १४ इंचांपुढे ५.५६ च घ्यावं. ब्लॅकआउट शोभतं ते १० इंचांखाली, सायलेन्सर असेल तेव्हा.