'द प्रोसेशन टू कॅल्व्हरी': जुन्या चित्रांच्या गर्दीतली धमाल शोधाशोध

जो रिचर्डसन या ब्रिटिश गेमकर्त्याने जुन्या युरोपीय चित्रांची कात्रणं जोडून तीन विनोदी पॉइंट-अँड-क्लिक गेम (माऊसने वस्तूंवर, माणसांवर क्लिक करत कोडी सोडवायची आणि कथा पुढे न्यायची) केले: 2017 मध्ये 'फोर लास्ट थिंग्ज', 2020 मध्ये 'द प्रोसेशन टू कॅल्व्हरी' आणि 2024 मध्ये 'डेथ ऑफ द रेप्रोबेट'. तिन्हींत मधला सर्वांत जमून आला आहे. या वाटेला पहिल्यांदाच जाणाऱ्याने त्यानेच सुरुवात करावी.

कथा दोन ओळींची. धर्मयुद्ध संपलं आहे आणि नव्या राज्यकर्त्याने, म्हणजे इम्मॉर्टल जॉनने, माणसं मारायला बंदी घातली आहे. नायिकेला तर दुसरं काही आवडतच नाही! मग पळून गेलेल्या हेवनली पीटरला तेवढं मारायची मुभा ती मिळवते आणि त्याच्या मागावर निघते. ही नायिका म्हणजे डच चित्रकार रेम्ब्रांटने 1633 मध्ये रंगवलेली रोमन युद्धदेवता बेलोना. मूळ चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्यात लखलखतं चिलखत आहे, मेड्युसाच्या (ग्रीक पुराणातल्या, केसांच्या जागी साप असलेल्या राक्षसीच्या) मुंडक्याची ढाल आहे, आणि चेहरा मात्र गुबगुबीत, जरासा बावरलेला. चित्रात तिची पावलं दिसत नाहीत, म्हणजे गेममधली तिची चाल जोडकामातून आलेली आहे. ती लटपटती चाल पाहूनच हसू येतं.

विनोदाचं मर्म इथेच आहे. कात्रणाच्या ॲनिमेशनमध्ये हात, मान, जबडा एवढंच हलतं, चेहऱ्यावरचा भाव बदलत नाही. त्यामुळे चित्रकाराने भक्तिभावाने रंगवलेला संत तोच भाव ठेवून अत्यंत फालतू गोष्टीवर हुज्जत घालतो. संवादांना आवाज दिलेला नाही, सगळं वाचायचं आहे. ते योग्यच झालं. आवाज घातला असता तर हे गांभीर्य मोडलं असतं. संगीतही जुन्या शास्त्रीय रचनांचं आहे आणि ते वाजवणारे वादक त्या त्या दृश्यातच कुठेतरी बसलेले किंवा उभे असतात.

खेळायची रीत सोपी आहे. वस्तूवर किंवा माणसावर क्लिक केलं की बघणं, हात लावणं, बोलणं असे पर्याय येतात. शिवाय गोळा केलेल्या वस्तू आणि तलवार. अडलात तर समोरच्याला सरळ कापून पुढे जाता येतं. हा शॉर्टकट मोहात पाडतो, पण त्याचा हिशेब शेवटी चुकता करावा लागतो. तेव्हा तलवार उपसण्याआधी वेगळा सेव्ह ठेवावा आणि पहिल्या फेरीत रक्त न सांडताच कोडी सोडवावीत. तलवारीने वाट काढली की त्या कोड्याभोवतीचे संवाद हुकतात, आणि गेमची खरी मजा संवादांतच आहे.

कॅल्व्हरी म्हणजे येशूला क्रूसावर चढवलं ती टेकडी. गेमचं नाव ज्या चित्रावरून आलं, ते पीटर ब्रुगेल थोरला या फ्लेमिश (आजच्या बेल्जियमच्या भागातल्या) चित्रकाराचं 1564 चं चित्र व्हिएन्नात आहे. सव्वा मीटर उंच आणि पावणेदोन मीटर रुंद फळीवर शेकडो माणसं आहेत आणि क्रूसाखाली कोसळलेला येशू बरोबर मध्यावर असूनही पटकन सापडत नाही. लोक जत्रेला निघाल्यासारखे चालले आहेत, कुणी डबकं चुकवतंय, कुणी नुसतं बघतंय. फ्लेमिश चित्रकारांची अशी चित्रं शोधत शोधत वाचायची असतात, आणि पॉइंट-अँड-क्लिकमध्येही डोळ्यांना हेच काम असतं. म्हणून गर्दीची दृश्यं या गेममध्ये विलक्षण खुलतात. याउलट एकाच आकृतीवर प्रकाशझोत टाकणाऱ्या बरोक (सतराव्या शतकातल्या नाट्यमय शैलीच्या) चित्रांतली पात्रं झकास वाटतात, पण जागा म्हणून ती चित्रं तोकडी पडतात. दोन चित्रकारांच्या आकृत्या शेजारी आल्या की एकीवर डावीकडून उजेड, दुसरीवर उजवीकडून, असंही होतं. एका चित्रातली भेगाळलेली वार्निश दुसऱ्याच्या गुळगुळीत रंगाला खेटून उभी राहते. ते झाकायचा प्रयत्न केलेला नाही, हे उत्तम.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. दाट दृश्यांत कामाची वस्तू पार्श्वभूमीत मिसळून जाते, कारण दोन्ही एकाच ब्रशने रंगवलेल्या असतात. म्हणून कर्सर सावकाश फिरवावा आणि लहान लॅपटॉपऐवजी मोठा मॉनिटर वापरावा. काही कोड्यांचं तर्कशास्त्र फक्त त्या वेड्या जगातच चालतं. तिथे अडलात तर सगळ्यांशी पुन्हा बोलून बघावं, सूचना बहुधा संवादातच दडलेली असते. आणि गेम दोनतीन तासांत संपतो.

पाठोपाठ 'डेथ ऑफ द रेप्रोबेट' घ्यावा. त्यात हाच इम्मॉर्टल जॉन मरणपंथाला लागला आहे आणि वारसा हवा असेल तर त्याच्या नाठाळ मुलाला सात सत्कृत्यं करावी लागतात. 'फोर लास्ट थिंग्ज'मध्ये उलट गंमत आहे: आधीची पापं दुसऱ्या पॅरिशमध्ये, म्हणजे दुसऱ्या चर्चच्या हद्दीत, केलेली, त्यामुळे इथे माफी मिळत नाही, म्हणून ख्रिस्ती धर्मातली सातही महापापं इथल्या हद्दीत नव्याने करायची. कल्पना तिन्हींत सर्वांत तल्लख, पण हाताळणी नवख्याची आहे. तिन्हींत नग्नता, रक्तपात आणि धर्माची यथेच्छ टिंगल आहे, त्यामुळे लहान मुलांसमोर लावू नयेत.