कॅरव्हॅनमधला गॅस: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या दसऱ्याला आमची जीपमागे ओढायची तेरा फुटी कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचे छोटे घर, रस्त्यावर आली. तिचा सांगाडा कोल्हापूरच्या उद्यमनगरात बांधून घेतला होता. आतल्या गॅसची आखणी मी केली आणि जोडणी नेहमी हेच काम करणाऱ्या एका कारागिराने केली. दोन बर्नरची शेगडी, गॅसवर किंवा विजेवर चालणारा साठ लिटरचा फ्रिज आणि आंघोळीच्या पाण्यासाठी गिझर अशी तीन उपकरणे तिच्यात आहेत. पन्हाळा, आंबोली, राधानगरी आणि तारकर्ली मिळून आजवर ४३ मुक्काम झाले आणि पाच किलोचे पाचवे सिलिंडर सध्या अर्ध्यावर आले आहे. दोन वेळा मी खरोखर घाबरलो, आणि त्या दोन्ही प्रसंगांमुळेच हा अनुभव सविस्तर लिहावासा वाटला.

सिलिंडर कोणते घ्यावे, हा पहिला प्रश्न होता. घरचे १४.२ किलोचे सिलिंडर घराच्या स्वयंपाकासाठी असते आणि ते गाडीत ठेवणे नियमालाही धरून नाही. म्हणून ओळखपत्र दाखवून खुल्या विक्रीत मिळणारे पाच किलोचे सिलिंडर घेतले. ते एका हाताने उचलता येते, साध्या लटकत्या काट्यावर तोलता येते आणि उभे बांधून ठेवण्यास सोपे आहे. सिलिंडर उभेच असले पाहिजे, कारण आडवे केल्यास वायूऐवजी द्रव गॅस रेग्युलेटरमध्ये शिरू शकतो. घेताना कड्याच्या पट्टीवरील तपासणीची तारीख जरूर वाचावी. तिथे ‘बी’ अक्षर आणि वर्ष असेल, तर त्या वर्षीच्या एप्रिल ते जूनमध्ये त्या सिलिंडरची चाचणी देय आहे, असा त्याचा अर्थ होतो.

अमेरिकेतील कॅरव्हॅनविषयी वाचताना सतत प्रोपेन हा शब्द येतो आणि आपल्याकडील वाचक गोंधळतो. प्रोपेन उणे ४२ अंशांवर उकळतो, तर ब्युटेन शून्याच्या किंचित खाली. आपला एलपीजी या दोहोंचे मिश्रण असल्यामुळे थंडीत त्याचा दाब शुद्ध प्रोपेनपेक्षा लवकर उतरतो. आंबोलीत डिसेंबरच्या पहाटे गिझर चालू असताना सिलिंडरच्या अंगावर दव जमले आणि ज्योत बारीक झाली. लहान सिलिंडरमधून एकदम जास्त गॅस ओढला, की आतला द्रव वायूत रूपांतरित होताना स्वतःची उष्णता गमावतो, हे त्याचे कारण. अशा वेळी सिलिंडरवर गरम पाणी ओतू नये. दहा मिनिटे थांबावे. दवाची कड जिथे संपते, तिथपर्यंतच द्रव शिल्लक आहे, एवढी उपयोगाची माहिती ते दव मात्र देऊन जाते. दाबाच्या बाबतीत फारशी अडचण आली नाही. तिकडची उपकरणे अकरा इंच पाण्याच्या दाबावर, म्हणजे सुमारे २८ मिलिबारवर चालतात आणि आपला घरगुती रेग्युलेटर सुमारे ३० मिलिबार देतो. आमच्या आयात केलेल्या फ्रिजच्या पट्टीवरही ३० हाच आकडा होता. तो वाचूनच मी फ्रिज घेतला आणि घेणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा.

सिलिंडरची पेटी कॅरव्हॅनच्या नाकाशी आहे. तिचे दार फक्त बाहेरून उघडते, आतल्या खोलीकडे तिला एकही फट नाही आणि तळाला हाताच्या पंजाएवढी जाळी आहे. एलपीजीचा वायू हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो, त्यामुळे गळलेला गॅस वर जात नाही, खाली साचतो. त्याला बाहेर पडण्याची वाट तळालाच हवी. पेटीपासून आत तांब्याची नळी नेली आहे आणि पत्र्यातून जाते तिथे तिला रबरी कडी बसवली आहे. शेगडीजवळ तेवढी दीड मीटरची नारिंगी सुरक्षा नळी आहे. ती पाच वर्षांनी बदलायची असते, म्हणून बसवल्याची तारीख मी नळीशेजारी रंगवून ठेवली आहे.

पहिला प्रसंग याच तांब्याच्या नळीचा. गगनबावड्याकडून करूळ घाटाने खाली उतरून आम्ही मुक्कामाला थांबलो, तेव्हा फरशीपासून वीतभर उंचीवर बसवलेला गॅसचा अलार्म वाजू लागला. त्याआधी एकदा डासांच्या फवाऱ्यानेही तो वाजला होता, त्यामुळे पत्नी म्हणाली, “परत फवाऱ्यानंच वाजत असेल, अहो.” पण त्या दिवशी फवारा मारलाच नव्हता. आम्ही विजेचे एकही बटण न दाबता बाहेर आलो, बाहेरूनच सिलिंडर बंद केले, दोन्ही दारे सताड उघडली आणि अर्धा तास लांब बसून राहिलो. नंतर सिलिंडर क्षणभर उघडून साबणाचा फेस लावत एकेक जोड पाहिला, तेव्हा फ्रिजमागच्या नटाशी बारीक बुडबुडे उठत होते. घाटातील खड्ड्यांच्या हादऱ्यांनी तो पाव आटा सैल झाला होता. तेव्हापासून प्रवासात रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपी लावतो, आणि मुक्कामाला पोहोचल्यावर फेसाची बाटली आधी निघते, चहाचे भांडे नंतर. या तपासणीला सात मिनिटे लागतात. काडी ओढून गळती शोधणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, की हे करू नका.

दुसरा प्रसंग हवेचा होता आणि माझ्या मते तो अधिक गंभीर होता. आमच्या कॅरव्हॅनमध्ये जेमतेम १३ घनमीटर हवा मावते. एक किलो गॅस पूर्ण जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते आणि त्यातून दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ तयार होते. हे आकडे मला पाठ होते आणि म्हणूनच मी तळाला एक व छताला एक अशी कायम उघडी जाळी ठेवली होती. पन्हाळ्यावर जानेवारीत आई आमच्यासोबत होती. रात्री पायाला गार वारा लागतो म्हणून तिने तळाच्या जाळीत जुना टॉवेल कोंबला, छताची जाळीही ओढून घेतली आणि हे कोणाला सांगावे असे तिला वाटले नाही. पहाटे तिनेच दोन्ही बर्नरवर पाणी आणि दूध ठेवले. मी उठलो तेव्हा भिंतींवरून पाणी ओघळत होते, ज्योतीची टोके पिवळी झाली होती आणि माझे डोके जड झाले होते. अपुऱ्या हवेत गॅस जळताना तयार होणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूचा अलार्म अजून वाजला नव्हता. मी शेगडी बंद केली, सगळ्यांना बाहेर नेले आणि टॉवेल नंतर सापडला.

आईची यात काहीच चूक नव्हती, कारण ती जाळी कशासाठी आहे हे मी तिला कधी सांगितलेच नव्हते. आता जाळीवर तांबड्या रंगात ‘बुजवू नये’ असे लिहिले आहे आणि कॅरव्हॅनमध्ये पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाला मी ती दाखवतो. थंडीसाठी जाड वाकळा घेतल्या. शेगडी पेटवून ऊब घेणे आमच्याकडे पूर्ण वर्ज्य आहे. येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, पण कार्बन मोनॉक्साइडला वास, रंग, चव काहीच नसते आणि तो जवळजवळ हवेइतकाच जड असल्यामुळे सगळीकडे मिसळतो. त्यामुळे एक अलार्म जमिनीलगत आणि दुसरा झोपताना नाक असते त्या उंचीच्या आसपास, असे दोन वेगळे अलार्म लागतातच.

फ्रिजविषयी मी समाधानी आहे, मात्र तो लाडावलेल्या पाहुण्यासारखा सांभाळावा लागतो. त्यात कॉम्प्रेसर नसतो. ज्योतीच्या उष्णतेने अमोनिया द्रावणातून सुटतो आणि त्याचा द्रव उतारानेच परत वाहतो. म्हणून कॅरव्हॅन कलती उभी असताना तो चालवल्यास आतला प्रवाह अडतो, उकळणारा भाग जास्त तापतो आणि यंत्रणा कायमची निकामी होऊ शकते. मी फ्रिजमध्येच गवंड्याची छोटी पाणसळ ठेवतो आणि चाकांखाली फळ्या सरकवून पातळी साधतो. निघण्याच्या आदल्या रात्री घरच्या विजेवर तो गार करून घेतला, तर गॅसवर चोवीस तासांना सुमारे २५० ग्रॅम पुरतात. मे महिन्यात तारकर्लीला त्याची बाहेरची जाळी उन्हाकडे आली, तेव्हा दूध नासले. जाळी सावलीकडे केल्यावर तो सुधारला. पेट्रोल पंपावर शिरण्यापूर्वी त्याची ज्योत विझलेलीच असली पाहिजे, आणि सिलिंडर बंद ठेवून प्रवास केला की हे आपोआप पाळले जाते.

पावसाळ्यात तीन महिने कॅरव्हॅन शेडमध्ये उभी होती. बाहेर काढल्यावर फ्रिज पेटेना आणि पेटला तर काजळी धरी. बर्नरच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले होते. ते साफ करून बाहेरच्या जाळ्यांना आतून बारीक तारेची जाळी लावली, तेव्हा ज्योत पुन्हा निळी झाली. पिवळी ज्योत हा केवळ इंधनाचा अपव्यय नव्हे, तो अपुऱ्या हवेचा निरोप असतो.

बचतीचा हिशेब मी काट्यावरच ठेवला. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्यावर कोरलेले असते, ते वजा केले की शिल्लक कळते. भांड्यावर झाकण ठेवल्यास लिटरभर पाण्याला दहा-बारा ग्रॅम गॅस लागतो, तर राधानगरीला वाऱ्यात बाहेर मांडलेल्या शेगडीवर जवळपास दुप्पट लागला. आता तिथे तिन्ही बाजूंना पत्र्याचा आडोसा करतो, पण सिलिंडरभोवती कधीच नाही. तांबड्या रश्शाचे मटण कुकरमध्ये शिजवतो, डाळ तासभर आधी भिजवतो.

गिझर मी पहिल्यापासून कॅरव्हॅनच्या पाठीला, बाहेरच्या झडपेखाली बसवला आहे आणि आत फक्त गरम पाण्याची नळी येते. बंद न्हाणीघरातील गॅस गिझरमुळे माणसे गुदमरून गेल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो, तरी एका दुकानात मला तो आतच बसवण्याचा आग्रह झाला. अठरा लिटरच्या बादलीला आंबोलीच्या थंडीत सुमारे ५० ग्रॅम गॅस लागतो, म्हणजे चौघांच्या आंघोळीला २०० ग्रॅम. कोकणात आम्ही तो पेटवतच नाही. तारकर्लीला छतावर ठेवलेला काळा पाण्याचा कॅन दुपारपर्यंत पुरेसा तापतो आणि मुलांना तेच पाणी आवडते.